तिवड्यापासून चार पावलं

शाळेच्या कुंपणापलीकडच्या रानात परवा मळणीयंत्र आलं आणि माझ्या मानेला खाज सुटली. भुसा अजून माझ्यापर्यंत पोचलाही नव्हता. नुसती घरघर ऐकली आणि हात मानेकडं गेला. ज्वारीची कूस एकदा अंगाला लागली की आंघोळ करा, खोबरेल चोळा, दोन दिवस पिच्छा सोडत नाही. माझा तर तिनं अठ्ठावीस वर्षं सोडलेला नाही.

मी जळकोटच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. पोरी मला तोंडावर ‘पीटीच्या मॅडम’ म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. कवायत, कबड्डी, खो-खो, आणि आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर मुलींचं स्वसंरक्षण. त्यासाठी मला दहा दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. पांढरा पोशाख, शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो. ते प्रमाणपत्र मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर आहे. मी मात्र पोरींना शिकवते ती लाठी. ती मला कुणी शिकवली हे त्या कागदावर नाही. आणि ती दुसऱ्याला शिकवायची परवानगी मला कधी मिळालीच नाही, हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

माझी ती सुगी मुरुमची, माझ्या माहेरच्या गावची. दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले, तेव्हा ज्वारीची काढणी होऊन मळणीही उरकली होती आणि खळं रिकामं पडलं होतं. आता कुणी खळं करत नाही, ताडपत्री अंथरली की भागतं, म्हणून पोरींना खळं म्हणजे काय तेसुद्धा सांगावं लागतं. रानातली सपाट जागा बघायची, भिजवायची, वर बैल फिरवायचे, चोपून चोपून कडक करायची आणि शेणानं सारवायची. मधोमध एक जाड खांब रोवायचा, तो तिवडा. मळणीला बैल त्याच्याभोवती फिरायचे. अनवाणी पायाला ती जमीन सकाळी गार आणि चारच्या पुढं कोमट लागायची. पुढं मी स्पर्धांमधल्या महागड्या मॅटवरही उभी राहिले, पण तसली जमीन मला परत भेटली नाही.

त्या खळ्यावर इमाम वस्ताद आले. पेशानं पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे, त्यामुळं भुवयांत, मिशीत, कानाच्या पाळीवर कायम कापसाचे बारीक तंतू असायचे. गावातल्या तालमीत पोरांना लाठी आणि दांडपट्टा शिकवायचे ते हेच. मोहरमच्या सवारीपुढं पट्टा फिरवायला त्यांनाच बोलावणं आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीतही त्यांनाच. त्यांची नात नसरीन माझ्याच वर्गात. तिला लाठी शिकवायचं त्यांच्या मनात आलं, तेव्हा तालमीतल्यांनी नाकं मुरडली. पोरीच्या जातीनं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही म्हणाले. वस्ताद भांडत बसले नाहीत, सरळ आमच्या आप्पांकडं, माझ्या वडलांकडं आले.

“आप्पाराव, खळं रिकामं हाय का?”

“हाय की. कडबा तेवढा गंजीला लावायचा ऱ्हायलाय.”

“नांगरट कधी धरणार?”

“महिनाभर तरी न्हाय.”

“लई झालं. दोन पोरींना काठी शिकवतो म्हंतो तिथं.”

“दोन कोणत्या?”

“एक माझी, एक तुमची.”

आप्पा हसले. आईला काही हसू आलं नाही. ती दारातूनच म्हणाली, “काठी फिरवून भाकरी गोल होत न्हाय, वस्ताद.”

“भाकरी तुमी शिकवा, भाभी,” वस्ताद म्हणाले, “वाकडं कुणी अंगावर आलं तर काय करायचं, ते म्या शिकवतो.” यावर आईनं त्यांना चहा दिला, म्हणजे हो म्हणाली.

महिनाभर रोज दुपार कलली की आम्ही खळ्यावर. पहिले आठ दिवस काठी हातात दिलीच नाही. नुसतं चालायला लावलं, तिवड्याभोवती, बैलांसारखं. तोंडानं पिंजायच्या धनुकलीचा ठेका धरायचे, टंव टंव, टंव टंव, आणि त्यावर आमचे पाय पडायला हवेत. पाय चुकला की म्हणायचे, “कापसात गाठ आली बघ.” नसरीन खुसुखुसु हसायची. मला राग यायचा. मी पहिल्यापासून तशीच, शिकवलेलं एका दिवसात आलं नाही की चिडणारी. काठी हातात आल्यावर पहिला वार शिकवला तो तमाचा. आपल्या उजवीकडून जाऊन समोरच्याच्या डाव्या बाजूला पडतो, सणसणीत थप्पड बसावी तसा. वार करायचा तो समोरच्याच्या कपड्याचा आवाज येईल इतकाच, हाड मोडेल इतका नाही, असा त्यांचा दंडक होता. “मोडता कुणाला बी येतं,” म्हणायचे.

आणि दुसरा दंडक असा, की वार लागला की नाही हे तिसऱ्यानं सांगायचं नाही. ज्याला लागला त्यानंच मोठ्यानं म्हणायचं, ‘लागला.’ चुकला तर मारणाऱ्यानं म्हणायचं, ‘चुकला.’ खळ्यावर खोटं बोललेलं त्यांना चालायचं नाही. माराला माफी होती, खोट्याला नव्हती. आणि ज्या दिवशी चेला वस्तादाला मारील आणि वस्ताद स्वतःच्या तोंडानं ‘लागला’ म्हणतील, त्या दिवशी तो चेला सुटला. मग त्यानं दुसऱ्यांना शिकवावं. तोवर नाही.

मला सुटायचं होतं. सोळाव्या वर्षी माणसाला दुसरं काय हवं असतं? अकरावीला लातूरला जायच्या आत मला वस्तादांच्या तोंडून तो एक शब्द ऐकायचा होता. अंथरुणावर पडल्या पडल्या मी छताकडं बघत मनातल्या मनात तमाचे मारायचे आणि आई म्हणायची, “हात कशाला हलवतीस गं, डास हायत का?”

आणि मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वस्ताद आमच्याशी खेळताना कधीच तिवड्यापासून लांब जायचे नाहीत. तो खांब नेहमी त्यांच्या डाव्या अंगाला. आम्ही कितीही फिरलो तरी ते असे काही सरकायचे की डावीकडं खांबच यावा. आधी मला वाटलं, ही काहीतरी खास विद्या असेल. मग एकदा चहाचा पेला त्यांनी डावीकडं ठेवला, तो बांधाच्या दगडावर न टेकता खाली पडला. मग एकदा डाव्या खांद्यावर गांधीलमाशी बसलेली, नसरीन ओरडली तेव्हा त्यांनी मान पार वळवून बघितली. त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. घरात कुणाला माहीत नसावं. नसरीनलाही नसावं, नाहीतर ती गप्प बसणाऱ्यातली नाही. आणि ते लपवत होते. पट्टा फिरवणाऱ्याचा एक डोळा गेलाय म्हटल्यावर सवारीपुढं त्याला कोण उभं करणार?

नांगरटीच्या आदल्या दिवशी आमचा शेवटचा खेळ ठरला. नसरीन आधीच सुटली होती. चार दिवसांपूर्वी तिनं खाली वाकून पायावर वार केला, वस्ताद मोठ्यानं ‘लागला’ म्हणाले आणि तिला उचलून गरागरा फिरवलं. आता माझी पाळी. त्या दिवशी तालमीतले तिघं बांधावर येऊन बसले होते, पोरींचा तमाशा बघायला. आप्पाही होते.

मी खेळले. तसं मी नंतर कधी खेळले नाही, खरं सांगते. उजवीकडून हूल दिली, मागं हटले, पुन्हा हूल, पुन्हा मागं. वस्तादांना ओढत आणलं, एक पाऊल, दोन, तीन, चार. तिवडा मागं राहिला. त्यांची डावी बाजू उघडी पडली. मी तमाचा उचलला. काठी सणसणत निघाली आणि त्यांची मान हललीसुद्धा नाही. ते समोर बघत होते, शांत, जणू डावीकडं जगच नाही.

तेवढ्या क्षणात मला सगळं दिसलं. वार बसणार, आणि तो येताना त्यांना दिसलाच नाही हे बांधावरच्या तिघांना कळणार. मी मनगट वळवलं. काठी त्यांच्या कानामागून हवेत गेली.

ते थांबले. हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “का थांबली, बेटी?”

“थांबले न्हाय,” मी म्हणाले, “चुकला.” आणि मग मोठ्यानं, दंडकाप्रमाणं, सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा, “चुकला.”

वस्ताद माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले, उजव्या डोळ्यानं. मग सलामी दिली, काठी रोजच्यासारखी गंजीला न टेकवता आज माझ्याच हातात दिली, चपला घातल्या आणि बांधाबांधानं निघून गेले. तालमीतले हसले. आप्पा म्हणाले, “जाऊ दे गं, पुढच्या सुगीला.” दुसऱ्या दिवशी आप्पांनी खळ्यावरून नांगर घातला आणि मी बांधावर बसून त्याची ढेकळं होताना बघत होते.

पुढच्या सुगीला मी गेले नाही. तिच्या पुढच्याही नाही. लातूर, कॉलेज, मग लग्न, नोकरी. कारणं काय, मागितली तितकी मिळतात. मुरुमला जायचे, पण पिंजाऱ्यांच्या गल्लीतून न जाता बाजारातून वळसा घालून जायचे. आई विचारायची, “एवढं लांबून का?” मी म्हणायचे, भाजी बघायची होती.

एकदाच गेले. माझी मुलगी व्हायची होती तेव्हा जुनी गादी पिंजून घ्यायची होती आणि आईनं मलाच पाठवलं, मुद्दामच पाठवलं असणार. दुकानात आता विजेचं यंत्र होतं आणि वस्ताद कडेला खुर्चीवर, दोन्ही डोळे मिटल्यासारखे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “उजवा पाय आधी टाकतीस अजून.”

नुसत्या पावलांच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं होतं. आम्ही अर्धा तास बसलो. कापूस कसा भेसळीचा येतो ते बोललो, माझे पाय सुजतात ते बोललो, नसरीनला सोलापूरला दिलीय ते बोललो. त्या दिवसाबद्दल ना ते बोलले ना मी. जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मी गादीचे कोपरे चाचपत राहिले. निघताना म्हणाले, “ये एखाद्या सुगीला. खळं न्हाय ऱ्हायलं, पर अंगण हाय.”

“येते,” मी म्हणाले. आणि गेले नाही. लाज वाटते असं म्हणून आपण किती वर्षं काढतो, आणि समोरचा माणूस आपली वाट बघत बसलेला असतो, हे त्या वयात कळत नाही. आता कळतं, पण आता कळून काय उपयोग?

ते गेले त्याला सहा वर्षं झाली. नसरीनचा फोन आला होता. रडून झाल्यावर ती म्हणाली, “नाना तुझं नाव काढायचे गं.” मी विचारलं, काय म्हणायचे. “म्हणायचे, त्या दिवशी वार येतोय ते मला काठीच्या आवाजानं कळलं होतं. म्या हललो न्हाय, पोरीचा वार घ्यायचाच म्हणून. शब्द तोंडात आला होता. तिघांच्या म्होरं म्हणणार होतो, लागला, आन् मला दिसलं बी न्हाय. पोरीनं तो शब्द मला गिळायला लावला.”

मी इतकी वर्षं समजत होते की मी त्यांची अब्रू राखली. त्यांना ती राखून नकोच होती. लपवून लपवून ते थकले होते, आणि चार लोकांत खरं बोलायची एक चांगली जागा त्यांना मिळाली होती, आपल्या चेलीच्या वाराखाली. ती मी हिसकावून घेतली. फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. भाजी करपली.

तर आता दर सुगीला हे असं होतं. कुठंतरी कणसांचा वास येतो, मान खाजते, आणि हाताला ती काठी हवी होते, पायाला ते कोमट खळं हवं होतं, कानाला तो टंव टंव ठेका. वस्ताद अंगणात बसलेत आणि मी उजवा पाय आधी टाकत आत येतेय, एवढंच मला पुन्हा पुन्हा दिसतं. पुढचं दिसत नाही, कारण ते घडलंच नाही.

परवा मळणीयंत्र घरघरत होतं, पोरी रांगेत होत्या आणि मी नेहमीप्रमाणं ध्वजस्तंभाशेजारी उभी होते. माझा डावा गुडघा दोन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडल्यापासून कामातून गेलाय. शाळेत मी सांगितलेलं नव्हतं. खेळाच्या मॅडमच लंगड्या म्हटल्यावर कसं व्हायचं? मी आपली त्या खांबाजवळ उभी राहून शिकवते. सावलीसाठी, असं स्वतःला सांगते. त्या खांबाला सावली ती किती?

शिवकन्या समोर आली. नववीतली, उंच, बोलते कमी. दंडक मी वस्तादांचेच ठेवलेत, त्यामुळं तिला सुटायचं होतं. तिनं उजवीकडून हूल दिली, मागं हटली, पुन्हा हूल दिली. मी तिच्यामागं गेले, एक पाऊल, दोन, तीन, चार. खांब मागं राहिला. तिची काठी खालून डाव्या गुडघ्याकडं आली. मला दिसली, पण पाय उचलेना. आणि काठी वीतभर अलीकडं थांबली.

माझा पारा चढला. “का थांबलीस?”

शब्द तोंडातून गेले आणि मग ते कुणाचे आहेत ते मला ऐकू आलं.

शिवकन्यानं मान खाली घातली नाही. “तुमचा गुडघा दुखतो ना, मॅडम,” ती म्हणाली. “सगळ्यांना ठाऊक हाय. म्हणून तर तुमी खांब सोडत न्हाय.”

सगळ्यांना ठाऊक. दोन वर्षं मी त्या खांबाला चिकटून होते आणि अख्ख्या वर्गाला ते माहीत होतं. मुरुमच्या बांधावर बसलेल्या त्या तिघांनाही माहीत असेल का? असणारच. कदाचित ते तेवढंच बघायला आले असतील. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. या पोरीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं, ते मला सोळाव्या वर्षी जमलं नाही, आणि गादीचे कोपरे चाचपतानाही जमलं नाही.

“दुखतो,” मी म्हणाले. “तिथंच मार. थांबायचं नाही.”

ती जरा घुटमळली. मग तिनं मारला. सलवारीच्या कापडाचा आवाज झाला आणि कळ पार मस्तकात गेली. सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

“लागला,” मी म्हणाले.

पोरींनी टाळ्या पिटल्या. शिवकन्या पहिल्यांदा दात दाखवून हसली आणि हसता हसताच तिनं विचारलं, “मॅडम, तुमचे वस्ताद कधी म्हणले होते, लागला?”

हे मला आधीही पोरींनी विचारलेलं आहे. मी दरवेळी म्हणत आलेय, शेवटच्या दिवशी.

“न्हाय म्हणाले,” मी म्हणाले. माझ्या तोंडची शाळेची भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. “माझा वार चुकला न्हवता. म्या वळवला. आन् खोटं बोलले.” मग मी त्यांना सगळं सांगितलं, खळं, तिवडा, डावा डोळा, तालमीतले तिघं, नसरीनचा फोन. कुंपणापलीकडं मळणी संपली होती आणि बायका पोत्यांची तोंडं शिवत होत्या.

“मंजे तुमी सुटल्याच न्हाय?” शिवकन्या म्हणाली.

“न्हाय.”

“मग आता शिकवायचं बंद करणार?”

दंडक दंडक असतो, ते तिला मीच शिकवलेलं. मी मागं वळून ध्वजस्तंभाकडं बघितलं, आणि तिकडं न जाता मैदानाच्या मधोमध गेले. पायातले बूट काढले. जमीन कोमट होती. डावी बाजू पोरींकडं मोकळी ठेवून उभी राहिले.

“पुढची कोण?” मी विचारलं.